कॅमेऱ्याचं तोंड खालीच का?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला की खासगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे. त्या नऊ जणांत आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते, आणि त्यांनी स्वतःचं वेगळं निकालपत्रही लिहिलं. त्याच सुमारास इकडे नागपुरात चौकाचौकांत खांब उभे राहत होते. ‘सेफ अँड स्मार्ट सिटी’ प्रकल्पातून जवळपास सातशे ठिकाणी साडेतीन हजारांहून जास्त कॅमेरे बसले. आपण निकालाचंही कौतुक केलं आणि कॅमेऱ्यांचंही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे मात्र फारसं कुणी बोललं नाही.

कॅमेरे काढून टाका, असं मी म्हणणार नाही. सीताबर्डीच्या गर्दीत गळ्यातलं मंगळसूत्र ओढून पळणाऱ्याची मोटारसायकल कॅमेऱ्यामुळे सापडते. रात्री धडक देऊन पसार झालेल्या कारचा नंबरही सापडतो. मार्च २०२५ मध्ये महाल भागात दंगल झाली तेव्हा तपास बराचसा चित्रीकरणावरच चालला. हे सगळं मान्य. पण या उपयोगालाही मर्यादा आहे. जगभरातल्या चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा एकत्र आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कॅमेऱ्यांमुळे गुन्हे सरासरी १३ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं, तेही मुख्यतः वाहनतळांवर. मारामारी आणि हिंसक गुन्ह्यांवर ठळक परिणाम दिसलाच नाही. म्हणजे गाडी वाचते, माणसाची खात्री नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. कॅमेरा नेहमी वरून खालीच बघतो. ज्याच्या हातात काही नाही त्याच्याकडे तो रोखलेला असतो, आणि ज्याच्या हातात काठी, पेन किंवा तिजोरी आहे त्याच्याकडे त्याची पाठ असते. खासगीपणाची चर्चा आपण ‘सुरक्षा हवी की स्वातंत्र्य’ अशी मोठ्या शब्दांत करतो, त्यात हा साधा मुद्दा हरवून जातो.

नागपूरचंच उदाहरण घेऊ. २०१८च्या सुमारास महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. पहाटे हजेरी लावायची आणि आपल्या बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या भागात, जायचं. बीटची हद्द नकाशावर आखलेली असते. हद्दीबाहेर पाऊल पडलं की यंत्रात नोंद होते, आणि त्या नोंदीचा धागा थेट पगाराला बांधलेला असतो. कारण दिलं गेलं ते खोटं नव्हतं. हजेरी लावून गायब होणारे होते, एकाच्या नावावर दुसराच झाडू मारत असायचा, आणि मधल्या मध्ये जमादारापासून वरपर्यंत कुणाकुणाचे खिसे गरम व्हायचे. पण घड्याळ बांधलं कुणाला? झाडूवाल्या बाईला. ज्याने खोट्या हजेरीवर सही केली त्याचा हिशेब कुणी मागितला? कचरा उचलायचं कंत्राट घेऊन अर्धी वस्ती न उचलणाऱ्या कंपनीच्या मालकाला कुणी हद्द आखून दिली नाही. अभियंता साइटवर किती वाजता गेला, सहायक आयुक्त झोनमध्ये किती वेळ असतात, याचा ठिपका कुठल्या नकाशावर हलताना सामान्य माणसाला दिसत नाही.

पहाटे साडेसहाला एखाद्या बीटवर जाऊन बघा. पन्नाशीची ऐवजदार (कायम नसलेली) बाई, डोक्याला फडकं, हातात लांब दांड्याचा खराटा. काम दुपारपर्यंत चालणार. तिच्या हद्दीत सार्वजनिक संडास असेलच असं नाही, आणि असला तरी तो उघडा आणि वापरण्याजोगा असेल याची तर बिलकुल खात्री नाही. ओळखीच्या घरी किंवा दोन गल्ल्या पलीकडच्या मंदिराच्या आवारात जायचं तर हद्द ओलांडावी लागते. घड्याळाला एवढंच कळतं की हा ठिपका रेषेबाहेर गेला. ती का गेली हे विचारायची सोय त्यात नाही. चार्जिंग उतरलं, यंत्र बिघडलं, तरी गैरहजेरी लागते, अशा तक्रारी कामगार करत राहिले. यंत्राने कामचुकार ठरवल्यावर आपण कामावर होतो हे सिद्ध करायची जबाबदारी त्या बाईवर येते, आणि तिच्याकडे पुरावा म्हणून असतो तो फक्त झाडलेला रस्ता, जो दहा वाजेपर्यंत पुन्हा मळतो. ही माणसं बहुतेक कुठल्या समाजातली, हे नागपूरकराला सांगायला नको. बाबासाहेबांनी जिथे माणसाला माणूस म्हणून उभं केलं त्या दीक्षाभूमीच्या गावात हे चालतं, आणि आपल्याला ते कार्यक्षमता वाटतं.

आता दुसरं टोक बघू. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावा. आत यायचं दार, बाहेर जायचं दार, कोठडी, कोठडीसमोरचा व्हरांडा, एकही कोपरा सुटता कामा नये. आवाजही नोंदला गेला पाहिजे, आणि चित्रीकरण शक्यतो अठरा महिने, किमान एक वर्ष ठेवायचं. आदेश अगदी बारकाईने लिहिलेला आहे. पाच वर्षं होत आली तरी काय अवस्था होती? सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच स्वतःहून दखल घ्यावी लागली. निमित्त होतं एका वृत्तपत्रातल्या बातमीचं: राजस्थानात आठ महिन्यांत पोलीस कोठडीत ११ मृत्यू झाले, आणि ठाण्यांतले कॅमेरे चालत नव्हते.

तंत्रज्ञान तर दोन्हीकडे सारखंच आहे. कॅमेरा तोच, तार तीच. चौकातला बिघडला की त्याच्या दुरुस्तीची निविदा निघते, कोठडीतला बिघडला की तो बिघडलेलाच राहतो. त्या बिघाडाचा कुणाला फायदा होतो, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

सामान्य माणसाला त्याच्या कामासाठी चित्रीकरण हवं असेल तर काय होतं, हेही अनुभवाने माहीत आहे. आमच्या ओळखीतल्या एकाची दुचाकी बाजारातून चोरीला गेली. समोर खांब, खांबावर दोन कॅमेरे. ठाण्यातून उत्तर आलं, ‘त्या दिवशी तो बंद होता भाऊ.’ असेलही बंद. सिमेंट रस्ते, उड्डाणपूल, नाल्यांची कामं यांत फायबर तुटतो आणि ओळीने कॅमेरे आंधळे होतात, ही बातमी नागपुरात जुनी झाली आहे. पण हेल्मेट न घातल्याचं ई-चलान मात्र त्याच चौकातून त्याच आठवड्यात त्याला आलं होतं. तो म्हणाला, ‘माह्या डोक्यावर काय नाही ते दिसते, माही गाडी नाही दिसत!’

कॅमेऱ्यांच्या बाजूने सगळ्यात वजनदार युक्तिवाद महिलांच्या सुरक्षेचा असतो. तो उडवून लावण्याजोगा नाही. पण या प्रश्नावर नागपूरने देशाला एक धडा दिलेला आहे, तो आपणच विसरलो. १३ ऑगस्ट २००४ रोजी जिल्हा न्यायालयाच्या आवारात कस्तुरबानगरच्या बायांच्या जमावाने अक्कू यादव या गुंडाला ठार केलं. कायदा हातात घेतला हे वाईटच, पण त्याआधीची वर्षं आठवा. तो काय करतो, कुणाच्या घरात शिरतो, कुणाकडून खंडणी घेतो, हे अख्ख्या वस्तीने बघितलं होतं. बाया ठाण्यात जाऊन सांगत होत्या. ठाण्यातून उलट त्यांनाच हिणवलं जायचं, आणि तक्रार केली ही बातमी त्याच्यापर्यंत पोहोचायची. कस्तुरबानगरात तेव्हा प्रत्येक गल्लीत कॅमेरा असता तर काय फरक पडला असता? दिसण्यात काही कमी नव्हतंच. जे दिसतंय त्यावर हलायची इच्छा नव्हती. साडेतीन हजार कॅमेरे ती इच्छा कुठून आणणार?

रात्री नऊनंतर घरी परतणाऱ्या मुलीला विचारा तिला काय हवं. रस्त्यावर दिवे हवेत, वेळेवर येणारी शहराची ‘आपली बस’ हवी, मेट्रो स्टेशनपासून घरापर्यंतच्या शेवटच्या दोन किलोमीटरसाठी काहीतरी वाहन हवं, उघडी दुकानं आणि माणसांची वर्दळ हवी. कॅमेरा हवा का विचारलं तर तीही हो म्हणेल, पण यादीत शेवटी. शिवाय त्याच मुलीला फुटाळा तलावावर मित्रासोबत बसायचं असेल, तर कुठल्यातरी खोलीत बसलेला अनोळखी पुरुष आपल्याला मोठं करून बघू शकतो हेही तिला ठाऊक असतं. २०१७च्या निकालात एक गोष्ट स्पष्ट लिहिलेली आहे: माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचा खासगीपणा संपत नाही, तो त्याच्या व्यक्तित्वाला चिकटलेला असतो. ‘रस्त्यावर कसली आलीय प्रायव्हसी’ हा पानठेल्यावरचा शेरा न्यायालयाने आधीच खोडून ठेवला आहे.

‘हे सगळं पाश्चात्त्य खूळ आहे’ असंही आपल्याकडे म्हटलं जातं. त्याला उत्तर आपल्याच गावच्या न्यायमूर्तींनी देऊन ठेवलंय. बोबडेंच्या निकालपत्रात गृह्यसूत्रं आहेत, रामायण आहे, आणि मालकाच्या संमतीवाचून दुसऱ्याच्या घरात शिरण्याला मनाई करणारं कौटिल्याचं अर्थशास्त्रही आहे. याच कौटिल्याने हेरांवर प्रकरणंच्या प्रकरणं लिहिली, हेही खरं. पण त्याचे हेर राजाच्या मंत्र्यांवर आणि अधिकाऱ्यांवरही नजर ठेवायचे. त्या बाबतीत तो आपल्या स्मार्ट सिटीच्या पुढे होता असं म्हणायला हरकत नाही.

आता प्रश्न नुसत्या कॅमेऱ्यापुरता राहिलेला नाही. २०२४ मध्ये राज्य सरकारने ‘मार्व्हल’ ही कंपनी नागपुरात काढली. पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं तयार करायची, हे तिचं काम, आणि आयआयएम नागपूर त्यात भागीदार. तपासात मदत करणारं ‘महाक्राइम ओएस’ नागपूरच्या २३ ठाण्यांत वापरून बघितलं गेलं, आणि ते राज्यातल्या ११०० ठाण्यांत न्यायचं ठरलं. कागदपत्रं वाचणं, सायबर फसवणुकीतला पैसा कुठून कुठे गेला ते शोधणं, ही कामं यंत्राने केली तर मला आनंदच आहे. सायबर चोरांनी ज्यांची आयुष्याची पुंजी नेली त्यांना तर जास्तच होईल. पण नोंदी, चेहरे, नंबरप्लेट आणि फोन एका ठिकाणी जोडता येऊ लागले की चौकातल्या कॅमेऱ्याचं काम बदलतं. आधी तो घडलेलं टिपायचा. आता तो विचारू शकतो, हा कोण आणि याआधी कुठे कुठे गेला होता.

चेहरा ओळखणाऱ्या यंत्राला आधी चेहरे पुरवावे लागतात. ते कुठून येतात? जुन्या अटकांच्या नोंदींतून. आणि आपल्या देशात कुणाला उगाचच उचललं जातं याचा इतिहास फार लांबचा नाही. १८७१च्या कायद्याने अख्ख्या जमातीच जन्मजात गुन्हेगार ठरवल्या होत्या. विदर्भातल्या फासेपारध्यांना हा इतिहास पुस्तकात वाचावा लागत नाही. पोलीसपाटलाकडे हजेरी, गाव सोडायचं तर परवाना. १९५२ मध्ये त्या जमाती विमुक्त झाल्या, पण चोरी झाली की पहिली धाड आजही कुठल्या बेड्यावर, कुठल्या वस्तीवर पडते? म्हणजे नोंदवहीत कुणाचे चेहरे जास्त असणार हे आधीच ठरलेलं आहे. यंत्र प्रामाणिकपणे तीच नोंदवही वाचणार, आणि आपण म्हणणार, बघा, कॉम्प्युटर काही भेदभाव करत नाही. त्यात २०२२च्या नव्या ओळखविषयक कायद्याने बोटांचे ठसे, डोळ्यांचं स्कॅन अशा नोंदी ७५ वर्षं ठेवायची मुभा दिली आहे. विशीत एकदा पकडलेला मुलगा पंचाण्णव वर्षांचा होईपर्यंत यादीत राहू शकतो.

चूक झाली तर काय होतं? दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकारात सांगितलं होतं की चेहरा ८० टक्के जुळला की ते जुळणी मानतात. उरलेल्या वीस टक्क्यांत कुणाचाही मुलगा बसू शकतो. तेलंगणातल्या मेदकमध्ये २०२३ साली एका मजुराला चित्रीकरणातल्या चोरासारखा दिसतो म्हणून पोलिसांनी उचललं. चोर तो नव्हताच. कोठडीतल्या मारहाणीनंतर रुग्णालयात त्याचा जीव गेला. कारण काय, तर ‘तसाच दिसतो’ एवढंच. उद्या त्या ‘तसाच दिसतो’ला टक्केवारी चिकटेल आणि हवालदाराचा संशय पुराव्यासारखा दिसायला लागेल.

सगळा दोष सरकारवर टाकून मोकळं होता येणार नाही. आपल्या फ्लॅट स्कीमा बघा. गेटवर, जिन्यात, लिफ्टमध्ये, आणि काही ठिकाणी समोरच्याच्या दाराकडे तोंड करून कॅमेरे आहेत. चित्रं सेक्रेटरीच्या मोबाइलवर येतात. मग कुठलीतरी क्लिप व्हॉट्सॲप ग्रुपवर पडते, ‘ही कोणाची मुलगी, साडेअकराला कोणासोबत आली?’ खाली आठ-दहा हात जोडलेले इमोजी. चोर पकडायला वर्गणी काढली होती, पकडली गेली भाड्याने राहणारी नोकरदार मुलगी. सह-रहिवाशांच्या संमतीशिवाय घराच्या राहत्या भागात कॅमेरे लावता येणार नाहीत, असं कोलकाता उच्च न्यायालयाने सांगितलं आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. सोसायटीच्या सभेत हे कुणी वाचून दाखवत नाही. आणि कॅमेरा बसवणाऱ्या मुलाने कंपनीचा मूळ पासवर्ड तसाच ठेवला तर काय होतं, ते फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटला दिसलं. तिथल्या प्रसूती रुग्णालयातली तपासणीची चित्रं इंटरनेटवर विकायला आली. त्या बायांनी काय लपवण्यासारखं केलं होतं? ‘चोरी केली नाही तर भ्यायचं कशाला’ म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

कायदा आहे का? म्हणायला आहे. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. दुकानदार, बँक, ॲपवाले यांना तो बऱ्यापैकी बांधतो. पण सरकार आपल्या कुठल्याही यंत्रणेला देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी अधिसूचना काढून त्यातून सूट देऊ शकतं. त्याच कायद्याने माहिती अधिकारातलं एक कलमही बदललं. वैयक्तिक माहिती नाकारणं आता अधिकाऱ्यांना पहिल्यापेक्षा सोपं झालं आहे. कॅमेऱ्याचं तोंड खाली, हे कायद्याच्या भाषेतही असंच लिहून ठेवलंय: नागरिक सरकारला आणखी उघडा, सरकार नागरिकाला आणखी बंद.

एक गोष्ट मला यात फार खटकते, आणि तिच्यावर जवळपास चर्चाच होत नाही. स्मार्ट सिटीचा कारभार एका कंपनीकडे गेला, पोलिसांची कृत्रिम बुद्धिमत्ता दुसऱ्या कंपनीकडे. दोन्ही सरकारी असतील, पण कंपनीच्या संचालक मंडळात नगरसेवक उठून प्रश्न विचारत नसतो. त्यात मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासकच सभा आणि प्रशासकच उत्तर. जानेवारी २०२६च्या निवडणुकीनंतर आता सभागृह भरलं आहे. प्रभागात आणखी कॅमेरे लावून देऊ, असं आश्वासन देणारे त्यात अनेक असतील. निदान चारपाच जणांनी उलटा प्रश्न विचारावा. शहरातले कॅमेरे कुठे कुठे आहेत, किती चालू आहेत, चित्रीकरण किती दिवस ठेवतात, गेल्या वर्षी ते कुणी कुणी आणि कशासाठी मागून घेतलं, त्यातल्या किती मागण्या सामान्य नागरिकांच्या होत्या आणि त्यांपैकी किती पुऱ्या झाल्या? चेहरा ओळखण्याचं तंत्र विधिमंडळाने त्यावर वेगळा कायदा करेपर्यंत थांबवा, असा ठराव करायला सभागृहाला कुणी अडवलेलं नाही. युरोपीय संघाने पोलिसांना रस्त्यावर चालू कॅमेऱ्यातून चेहरे ओळखायला मोजके अपवाद सोडून बंदी घातली, ती फेब्रुवारी २०२५ पासून लागू आहे. तिथे काही चोर मोकाट सुटलेले नाहीत.

आणि सफाई कामगारांना घड्याळ द्यायचंच असेल, तर ते झोनच्या प्रमुखापासून सुरू करा. पहिला महिना साहेबांच्या मनगटावर, नकाशा महापालिकेच्या संकेतस्थळावर सगळ्यांना दिसेल असा. बिघाड किती होतात ते आपोआप कळेल, आणि मग कुणाचा पगार कापायचा याचे नियमही जरा माणुसकीचे होतील.

तोवर एक काम मात्र आजही करता येण्याजोगं आहे, त्याला ना कायदा लागतो ना न्यायालय. गल्लीतला दोनशे मीटरचा सिमेंट रस्ता करायचा म्हटलं तरी तिथे फलक लावतात: काम कुणाचं, खर्च किती, कंत्राटदार कोण, मुदत कधीपर्यंत. तसाच एक फलक प्रत्येक कॅमेऱ्याच्या खांबावर लावा. कॅमेऱ्याचा क्रमांक, मालक कोण, चित्रीकरण किती दिवस राहतं, ते बघायचा अधिकार कुणाला, हवं असेल तर अर्ज कुठे करायचा आणि किती दिवसांत उत्तर मिळेल. मजकूर मराठीत, खालून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात. हाच फलक प्रत्येक पोलीस ठाण्याच्या दारातही हवा, आणि तिथे एक ओळ जास्त: आतले कॅमेरे आज चालू आहेत की नाहीत.